उतार एक, घड्याळं अनेक

नमस्कार श्रोतेहो.

डोंगराचा उभा उतार आहे. बर्फ इतका टणक की त्यावर स्कीची, म्हणजे बुटाखाली बांधलेल्या लांब पट्टीची, कड घासली की खरखर ऐकू येते. सुरुवातीच्या फाटकाशी दोघी उभ्या आहेत, एक पुढे आणि एक तिच्या पाठीशी. पुढचीला नीट दिसतं, मागचीला अगदी अंधूक. दोघींच्या हेल्मेटमध्ये बिनतारी संच आहे. इशारा होतो, पुढची निघते, पाठोपाठ मागची. आणि तिथून थेट तळापर्यंत पुढची बोलत राहते. वळण कधी घ्यायचं, उतार कुठे अचानक खोल होतो, बर्फ कुठे घसरडा आहे, फाटकं, म्हणजे बर्फात रोवलेले खांब, एकमेकांच्या जवळ आहेत की लांब लांब. मागची त्या आवाजावर विसंबून शरीर वळवते. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. एकमेकींना हात लावायची परवानगी नसते. दोघींमध्ये धागा असतो तो फक्त आवाजाचा.

स्लोव्हाकियाची हेन्रिएता फार्काशोवा आणि तिची गाइड नतालिया शुबर्तोवा यांची जोडी याच पद्धतीने उतरायची. २०१८च्या प्याँगचांगच्या हिवाळी पॅरालिंपिकमध्ये त्यांनी चार सुवर्णपदकं मिळवली. या खेळात गाइडही विजयमंचावर उभी राहते, तिच्याही गळ्यात पदक पडतं. मला हे फार योग्य वाटतं. गाइड स्वतः उत्तम स्कीपटू असावी लागते. तिला वेगात उतरताना मागे कान ठेवावा लागतो, मधूनच मान वळवून पाहावं लागतं आणि अंतर नेमकं राखावं लागतं. ती फार पुढे गेली तर तिच्या सूचना मागचीच्या जागेशी जुळत नाहीत, मागे राहिली तर मागचीचा वेग अडतो. काहीच न दिसणाऱ्या खेळाडूंच्या गटात तर डोळ्यांवर पूर्ण काळा चष्मा घालावा लागतो, म्हणजे कुणाला उजेडाची तिरीप जास्त दिसते म्हणून फायदा व्हायला नको.

आज आपण बोलतो आहोत ते दिव्यांग खेळाडूंच्या अल्पाइन स्कीइंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेविषयी. अल्पाइन म्हणजे डोंगरउताराचं स्कीइंग. त्यातले मुख्य प्रकार चार. डाउनहिल हा सर्वांत वेगवान, त्याच्या खालोखाल सुपर-जी. जायंट स्लॅलममध्ये फाटकं आणखी जवळ येतात आणि स्लॅलममध्ये ती इतकी दाट असतात की एक वळण संपायच्या आत दुसरं सुरू होतं. या फाटकांच्या खांबांमधून गेलंच पाहिजे. एक चुकलं की खेळाडू बाद.

या खेळाचा उगम युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धातून युरोपातल्या पहाडी मुलखात हजारो तरुण हातपाय गमावून परतले. त्यांतले कितीतरी जण लहानपणापासून स्कीवर वाढलेले. जर्मनीच्या फ्रान्झ वेंडेल यांनी १९४२मध्ये कुबड्यांच्या टोकाला आखूड स्की बांधल्या आणि एका पायाने उतरून दाखवलं. ऑस्ट्रियाच्या सेप झ्विकनागल यांचे दोन्ही पाय गेलेले होते. कृत्रिम पाय लावून स्कीवर उभं राहण्याचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले. १९४८मध्ये ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइनला जी शर्यत झाली तिथे १७ खेळाडू होते. अशा स्पर्धेची ती पहिली नोंद.

सैन्यातून खेळाकडे येणारी ही वाट आपल्या ओळखीची आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. तिकडे बर्फ होता, इकडे पाणी होतं. जखमी जवानाला खेळापर्यंत आणून सोडणारी गरज एकच होती.

पहिली जागतिक स्पर्धा १९७४मध्ये फ्रान्समधल्या ल ग्राँ-बोर्नाँ या आल्प्सच्या गावी भरली. दोन वर्षांनी स्वीडनमध्ये पहिलं हिवाळी पॅरालिंपिक झालं, आणि तिथे फक्त अवयव गमावलेल्या आणि दृष्टिबाधित खेळाडूंना प्रवेश होता. चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंना डोंगरावर जागा मिळायला आणखी वेळ लागला. पुढे जागतिक स्पर्धा फिरत राहिली. स्वित्झर्लंड, स्वीडन, अमेरिका, ऑस्ट्रिया, दक्षिण कोरिया, इटली, स्पेन, कॅनडा, स्लोव्हेनिया. बर्फ जिथे आणि पैसा जिथे, तिथे ती जाते.

आता मी येतो माझ्या आवडत्या भागाकडे, आणि इथे थोडा वेळ थांबणार आहे. प्रश्न असा आहे की एकाला एक पाय नाही, दुसऱ्याला एक हात नाही, तिसऱ्याला कमरेखाली संवेदना नाही, चौथ्याला दिसत नाही. यांची शर्यत लावायची कशी?

जुनं उत्तर होतं वेगवेगळे वर्ग करण्याचं. ज्याची जशी शारीरिक अडचण तसा त्याचा वर्ग, प्रत्येक वर्गाची वेगळी शर्यत, वेगळी पदकं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण एकेका वर्गात मोजकेच खेळाडू यायचे, आणि तिघंचौघं उतरून तिघांना पदकं मिळाली तर त्या पदकाला काय किंमत राहणार? खेळाडूंनाच ते बोचायचं. म्हणून सगळे वर्ग तीन मोठ्या गटांत आणले गेले. उभ्याने खेळणारे, बसून खेळणारे आणि दृष्टिबाधित. २००६च्या तोरिनोच्या हिवाळी पॅरालिंपिकमध्ये अल्पाइनच्या शर्यती अशा रीतीने २४ झाल्या. चार प्रकार, तीन गट, स्त्रिया आणि पुरुष.

पण एका गटातही शरीरं सारखी नसतातच. तिथे येतो गुणक. प्रत्येक वर्गाला एक आकडा दिलेला असतो आणि खेळाडूची घड्याळातली वेळ त्या आकड्याने गुणायची. समजा, एका पायावर उतरणाऱ्याला ६० सेकंद लागले आणि त्याच्या वर्गाचा गुणक ०.९० आहे, तर त्याची धरली जाणारी वेळ ५४ सेकंद. एक हात नसलेला दुसरा खेळाडू ५६ सेकंदांत आला, त्याचा गुणक ०.९५, म्हणजे त्याची वेळ ५३.२० सेकंद. उतारावर चार सेकंदांचं अंतर होतं, निकालात ते एका सेकंदाच्या आत आलं, तरी दुसराच जिंकला. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. खरे गुणक अनेक मोसमांच्या निकालांवरून काढतात, वेळोवेळी बदलतात आणि स्लॅलमचा वेगळा, जायंट स्लॅलमचा वेगळा, वेगाच्या शर्यतींचा वेगळा असतो. दूरचित्रवाणीवर पाहाल तर काही खेळाडूंच्या नावापुढचं घड्याळ चक्क सावकाश पळताना दिसेल. तिथे गुणाकार चालू असतो.

हा गुणक सर्वांना पटतो असं अजिबात नाही, आणि त्यावरचे वाद मला मोलाचे वाटतात. दुपारच्या उन्हाने बर्फ मऊ झाला तर एका पायावर उतरणाऱ्याला तो जितका छळतो तितका दोन पायांवरच्याला छळत नाही. गुणक मात्र सकाळी तोच आणि दुपारीही तोच. उतार सपाट असेल तर एका वर्गाचं फावतं, तीव्र असेल तर दुसऱ्याचं. मग तक्रारी होतात, आकडेमोड पुन्हा तपासली जाते, वर्ग ठरवणाऱ्या तज्ज्ञांसमोर पुन्हा उभं राहावं लागतं. शतांश सेकंदावरून माणसं इतकी भांडतात, कारण इथे जिंकणं खरोखर महत्त्वाचं आहे. कौतुकाचे दोन शब्द ऐकून घरी जायला कुणी आलेलं नसतं.

हीच गोष्ट डायना गोल्डन या अमेरिकन मुलीने फार आधी लावून धरली होती. बारा वर्षांची असताना हाडाच्या कर्करोगामुळे तिचा पाय गेला. पुढे ती एका पायावर स्की करत जागतिक विजेती झाली, १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय, म्हणजे पदकतालिकेत न धरल्या जाणाऱ्या, जायंट स्लॅलममध्ये पहिली आली. लोक तिला धाडसी म्हणायचे आणि तिला ते आवडायचं नाही. मला खेळाडू म्हणा, असा तिचा आग्रह. सर्वसाधारण स्कीपटूंच्या शर्यतींतही ती उतरायची. तिथली अडचण अशी, की क्रमवारीत खाली असल्यामुळे तिची पाळी शेवटी यायची. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गाड्या जाऊन जाऊन चाकोऱ्या पडतात, तशा तोवर बर्फावरही खोल चऱ्या पडलेल्या असायच्या. दोन पायांचा माणूस एक पाय चरीत अडकला तर दुसऱ्यावर सावरतो. तिला दुसरा पायच नव्हता. तिने अमेरिकेच्या स्की संघटनेकडे मागणी लावून धरली आणि १९८५मध्ये नियम झाला, की पहिल्या फळीनंतर लगेच काही जागा अव्वल दिव्यांग खेळाडूंसाठी राखून ठेवायच्या. वेळेत कसलीही सूट नाही, फक्त बरा बर्फ. ३८व्या वर्षी, २००१मध्ये ती गेली. तो नियम तिच्या आडनावाने ओळखला जातो.

बसून खेळणाऱ्यांचं साधन म्हणजे मोनोस्की. शरीराच्या मापाने घडवलेली खोलगट बैठक, तिच्याखाली मोटारसायकलला असतो तसा धक्के शोषणारा दांडा आणि सगळ्यांत खाली एकच स्की. हातांत दोन आखूड काठ्या, त्यांच्या टोकालाही छोट्या स्की. तोल सगळा खांदे, कंबर आणि या काठ्यांवर. ज्यांच्या पोटाच्या स्नायूंतही ताकद नाही, ते फक्त खांद्यांच्या कलाने वळतात. आणि हे खेळाडू उतरतात तेवढेच पाहू नका, ते वर कसे जातात तेही पाहा. चालत्या पाळण्यासारखी खुर्ची मागून येते, त्या क्षणी ते मोनोस्कीची बैठक उचलून धरतात आणि स्वतःला खुर्चीवर चढवतात.

जर्मनीची आना शाफेलहुबर याच गटातली. २०१४मध्ये सोचीच्या पॅरालिंपिकमध्ये तिने पाचही प्रकारांत, म्हणजे ते चार मुख्य प्रकार आणि दोन शर्यतींची वेळ एकत्र धरणारा सुपर-कम्बाइन्ड, सुवर्णपदक मिळवलं. त्यातल्या स्लॅलममध्ये सुरुवात नियमाप्रमाणे झाली नाही म्हणून तिला आधी बाद ठरवलं होतं. तिने दाद मागितली, ती मान्य झाली, आणि पाचवं पदक तिच्याकडे आलं. उभ्याने खेळणाऱ्यांत फ्रान्सची मारी बोशे होती. डावा हात कोपराखाली जन्मापासून नाही. आठ पॅरालिंपिक सुवर्णं आणि विसाहून अधिक जागतिक विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. जर्मनीचा गेर्ड श्योनफेल्डर रेल्वे अपघातात उजवा हात गमावून बसला होता, त्याची पॅरालिंपिक सुवर्णं सोळा. आणि ऑस्ट्रियाचं आयग्नर कुटुंब. आनुवंशिक मोतीबिंदूमुळे अंधूक दिसणारी तीन भावंडं, वेरोनिका आणि जुळी बार्बरा व योहानेस. २०२२च्या बीजिंग पॅरालिंपिकमध्ये तिघांनी मिळून नऊ पदकं नेली. वेरोनिकाच्या पुढे आवाज देत उतरणारी गाइड होती तिची डोळस बहीण एलिझाबेथ.

स्पर्धेचा कारभारही अलीकडे पालटला आहे. २०२१ची जागतिक स्पर्धा कोरोनामुळे लांबली आणि जानेवारी २०२२मध्ये नॉर्वेत लिलेहामरला झाली. तिथे पहिल्यांदाच अल्पाइन, क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं स्कीइंग), बायथलॉन (स्कीइंग आणि नेमबाजी) आणि स्नोबोर्ड (एकाच रुंद फळीवरून उतरणं) या दिव्यांगांच्या बर्फावरच्या चारही खेळांची विजेतेपदं एकत्र ठेवली होती. अल्पाइनच्या शर्यती जवळच्या हाफ्येलला, १९९४च्या ऑलिंपिकच्या उतारांवर. २०२२मध्येच हा खेळ आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीकडून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाकडे गेला, म्हणजे सर्वसाधारण स्कीइंग जी संघटना चालवते तिच्याकडेच. त्यानंतरच्या स्पर्धा २०२३मध्ये स्पेनच्या एस्पोतला आणि २०२५मध्ये स्लोव्हेनियाच्या मारिबोरला झाल्या. एकाच छपराखाली आल्याने तारखा, उतार आणि प्रसारण यांत बरोबरीचा वाटा मागता येईल ही खेळाडूंची आशा. तो वाटा मिळतो आहे का, यावर लक्ष ठेवायला हवं. मोनोस्की महाग असते, गाइडचा प्रवास आणि राहणं खेळाडूच्या खर्चात धरावं लागतं, आणि म्हणूनच पदकतालिकेत वर्षानुवर्षं त्याच श्रीमंत, बर्फाळ देशांची नावं दिसतात. हा अन्याय कुठल्याही गुणकाने भरून निघत नाही. त्यासाठी महासंघाला गाइडच्या खर्चाची आणि उपकरणांच्या मदतीची तरतूद करावी लागेल, आणि ती मागणी दिव्यांग खेळाडूंनी एकट्यानेच का करायची?

पुढच्या हिवाळ्यात या शर्यतींचे निकाल बघायला मिळाले, तर प्रत्येक नावापुढचा वर्ग आणि गुणक जरूर वाचा. प्रत्यक्ष लागलेली वेळ आणि धरलेली वेळ, दोन्ही पाहा. कोण कुठे मागे पडलं, कुणाला नेमका किती शतांश सेकंदांनी चौथा क्रमांक मिळाला, ते लक्षात येईल, आणि त्या चौथ्या खेळाडूला किती राग आला असेल तेही.

नमस्कार.