पुलंचा माइक

मंडळी, पुलंवर बोलायला उभं राहणं म्हणजे मामीच्या स्वयंपाकघरात जाऊन मामीलाच पुरणपोळी शिकवण्यासारखं आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना 'बटाट्याची चाळ' पाठ असणार. मी अडखळलो तर पुढचं वाक्य समोरून येईल. म्हणून आज किस्से नकोत. मला एवढंच म्हणायचंय की पुलंना आपण नाटकवाले म्हणतो, पण त्यांचा विनोद मुरला तो रेडिओत.

सिनेमात ते तरुणपणीच शिरले होते. 1947 चा 'कुबेर', मग 'वंदे मातरम्', 'पुढचं पाऊल'. 1953 साली 'गुळाचा गणपती' आला, त्यात कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन यांचीच आणि नायकही हेच. 'सबकुछ पुलं' म्हणतात ते यालाच. त्यातलं भीमसेनांचं 'इंद्रायणी काठी' अजून कानावर पडतं. पण दिग्दर्शक म्हणून ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. का? माझा आपला एक तर्क आहे. विनोदात बोलण्याइतकंच थांबणं महत्त्वाचं, आणि सिनेमात ते थांबणं नटाच्या हातात राहत नाही, संकलकाच्या कात्रीत जातं.

1955 मध्ये ते आकाशवाणीत आले. तुम्ही म्हणाल, स्टुडिओत तरी कोण हसतं? खरंय. तिथे तर तुमचा चेहराही कुणाला दिसत नाही. पण ऐकणारा घरात असतो. कुणी मेथी निवडतंय, कुणी दाढीचा साबण फासून बसलंय. त्याच्याशी गप्पा मारल्यासारखं बोलायचं. नाटकी फेक केलीत की तो बटण पिळून मोकळा. माणूस उभा करायचा तो नुसत्या हेलावर, श्वासावर, अडखळण्यावर. पाडगावकरांच्या 'बिल्हण' या संगीतिकेला त्यांनी रेडिओसाठीच चाली दिल्या. 'शब्दावाचून कळले सारे' हे त्यातलंच गाणं, आणि तेही अशा ठिकाणी, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही!

पुढचं बीबीसीतलं शिक्षण, दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात, नेहरूंची मुलाखत हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे.

मग 1961 मध्ये 'चाळ' रंगमंचावर आली. अख्ख्या बिऱ्हाडांसाठी माणूस एक. त्रिलोकेकरांची पाठारे प्रभू वळणाची मराठी, अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर, आचार्य बर्वे, सगळे गळ्यातून निघायचे, वेषांतर काही नाही. मला विचाराल तर ती श्रुतिकाच होती, म्हणजे रेडिओवरचं नाटक, फक्त पडदा उघडून केलेलं. आणि रेडिओने जे कधी दिलं नव्हतं ते इथे मिळालं, समोरचा हशा.

मी तो प्रयोग पाहिलेला नाही. आमच्याकडे कॅसेट होती. फीत बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. वडील डोळे मिटून ऐकायचे. फार पुढे माझ्या लक्षात आलं की हशा उठला की पुलं थांबतात, पण तो पुरता विरू देत नाहीत. थोडा शिल्लक असतानाच पुढचं वाक्य हळूच खालून सरकवतात, आवाज न चढवता. मग सगळं सभागृह आपणहून गप्प होतं, पुढचं निसटू नये म्हणून.