राष्ट्रपती व्हायचंय? आधी शंभर सह्या आणा

नमस्कार श्रोतेहो.

कॉलेज रोडवरच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. एमपीएससीची तयारी करणारी पोरं राज्यघटनेचं ५८वं कलम झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. राष्ट्रपती होणारी व्यक्ती भारताची नागरिक हवी, वयाची ३५ वर्षं पूर्ण हवीत, लोकसभेवर निवडून यायला ती पात्र हवी आणि सरकारी लाभाचं पद तिच्याकडे नको. झालं, संपलं! राज्यपाल, मंत्री यांना या लाभाच्या पदातून सूट आहे. शिक्षणाची अट म्हणाल तर नाहीच; चौथी नापासही चालतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जन्मानंच नागरिक असावा लागतो, आपल्याकडे तीही सक्ती नाही.

म्हणजे कागदावर आपल्या नाशिक जिल्ह्यातली लाखो माणसं पात्र आहेत. मतदार यादीतल्या आपल्या नावाची प्रमाणित प्रत अर्जाला जोडायची, १५,००० रुपये अनामत भरायची. एवढ्यात हल्ली लग्नाचा मांडवही पडत नाही.

घोडं अडतं ते सह्यांपाशी. अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, आणि ते कुणीही चालत नाहीत. या निवडणुकीत ज्यांना मत आहे तेच हवेत, म्हणजे निवडून आलेले आमदार आणि खासदार. शिवाय एका मतदाराची सही एकाच उमेदवाराला.

आता जुळवा बरं. जिल्ह्यात विधानसभेचे आमदार १५. खासदार नाशिकचे एक, दिंडोरीचे एक, आणि मालेगाव-बागलाण धुळे लोकसभेत जातं म्हणून तिथले एक. सगळे पक्ष विसरून तुमच्यामागे उभे राहिले, असं आपण घटकाभर धरून चालू, तरी सह्या होतात १८. राहिल्या ८२! विधान परिषदेतल्या, म्हणजे आपल्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतल्या आमदारांकडे जाऊन उपयोग नाही, त्यांना या निवडणुकीत मतच नसतं.

हा अडसर पहिल्यापासून नव्हता. १९६७ साली तब्बल १७ उमेदवार उभे राहिले, त्यातल्या काहींना एकही मत पडलं नाही. मग १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत आली. १९९७ मध्ये ते आकडे पन्नास-पन्नास आणि १५,००० झाले. त्या वर्षी रिंगणात उरले दोघंच, के. आर. नारायणन आणि टी. एन. शेषन. हौशी उमेदवार थांबले, हे बरंच झालं. पण शंभर जरा जास्तच होतात, असं मला वाटतं. मोठ्या पक्षांनी उचलून धरल्याशिवाय कुणाला दारापर्यंतही पोचता येत नाही. २००२ साली निवडून आलेले अब्दुल कलाम स्वतः राजकारणातले नव्हते, पण त्यांच्यामागे पक्ष होते.

मतदानही आपल्यासारखं नाही. यंत्र नाही, चिन्ह नाही. आमदाराला गुलाबी मतपत्रिका, खासदाराला हिरवी. निवडणूक आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानं नावापुढे १, २ असे पसंतीचे आकडे लिहायचे. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, म्हणजे त्याचं एक मत १७५ इतकं मोजतात; ते १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरलेलं. जिल्ह्यातल्या पंधरा जणांचं मिळून २,६२५. द्रौपदी मुर्मू २०२२ मध्ये ६,७६,८०३ मतमूल्यानं निवडून आल्या.

आणि ती वयाची अट? कायदा ३५ म्हणतो खरा, पण चौसष्टीच्या आत आजवर कुणीच या पदावर निवडून आलेलं नाही. राजेंद्रप्रसाद वकील, राधाकृष्णन प्राध्यापक. आपल्या शेजारच्या जळगावातून प्रतिभाताई पाटील १९६२ मध्येच आमदार झाल्या होत्या. राष्ट्रपती भवनात पोचायला २००७ उजाडलं. मुर्मूंनी आधी ओडिशात पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, मग शाळेत शिकवलं, आणि १९९७ मध्ये त्या रायरंगपूरच्या नगरसेविका झाल्या. नगरसेवकाला राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नसतं, त्याची सहीही चालत नाही. त्यांची सुरुवात मात्र तिथूनच झाली.

नमस्कार.