ऊर्जेची खतावणी

अध्यक्षांनी २० मिनिटं दिली होती, त्यातली पाच माझा परिचय करून देण्यात गेली. असो.

विषय आहे, मुलांना ऊर्जेचे प्रकार कसे शिकवायचे. आपण काय करतो? फळ्यावर यादी. गतिज, स्थितिज, औष्णिक, रासायनिक, विद्युत, ध्वनी, प्रकाश. घोका. पाच लिहिले की अडीच गुण, आणि 'ऊर्जा'तला ऊ ऱ्हस्व काढला की अर्धा कापला. हसताय, म्हणजे तुम्हीही कापलाय!

माझं पाप त्याहून मोठं. मी वर्षानुवर्षं सांगत आलो की ऊर्जा म्हणजे बहुरूपी. आज पोलीस, उद्या पोस्टमन, माणूस तोच. पोरं खूश, मी त्याहून खूश. एकदा सातवीच्या वर्गात सायकलचा पंप नेला. एका मुलीने पंचवीसेक दणके मारले, चाक टणक झालं, आणि पंप उचलायला तिने बुडाशी हात घातला. "सर, चटका!" लगेच सगळा वर्ग रांगेत, चटका घ्यायला. मी विचारलं, इथे चूल नाही, ऊन नाही, मग हे तापलं कशाने? ती म्हणाली, "माझा हात दमला ना, तेच ते."

शाब्बास! दाबून दाबून हवा तापली, हवेने नळी तापवली. हातात बळ कुठून आलं? सकाळच्या भाकरीतून. भाकरीत? ज्वारीतून. ज्वारीत? उन्हातून. मी रंगात आलो, "बघा, बहुरूपी!" तर ही बया पुन्हा उभी. "सर, सोंग उतरवल्यावर खरा माणूस कसा दिसतो?"

घंटा झाली म्हणून वाचलो. कारण आत माणूसच नाही हो. सगळी सोंगंच. सोंग बदललं तरी जो बदलत नाही, तो एक आकडा आहे, आणि...

चिठ्ठी आली. तीन मिनिटं. बरं, पळवतो.

मुलांना किराण्याची वही माहीत असते. ऊर्जा तशी शिकवा: इकडे वजा, तिकडे जमा. ऊर्जेचं माप जूल. एक किलो वस्तू एक मीटर उचलली की सुमारे ९.८ जूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागाकार त्यांनाच करू द्या. हजार लिटर पाणी सुमारे ३६७ मीटर चढवायचं काम निघतं. मग बिलाकडे बघायची नजर बदलते. कोयनेला हाच हिशोब उलटा. शिवाजीसागरचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं. उंची वजा, वीज जमा. दोन्ही आकडे जुळत नाहीत? जनित्रं तापतात, पाणी घासतं, आवाज होतो, तेही मांडा. 'वाया गेली' असं लिहू देऊ नका, कुठल्या पानावर गेली ते लिहायला लावा. जूलसाहेबांनी १८४०च्या दशकात हेच केलं. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात पाती फिरवली आणि पाणी किती तापलं ते मोजलं. प्रकारांची यादी त्यानंतर द्या, तोवर मुलांनीच अर्धी केलेली असते.

चहा आलाय, दिसतंय मला. पंप दाराशी ठेवलाय. पंचवीस दणके, मग बुडाशी हात, मग चहा. जपून हं.