पहाटे ३ चा रीस्टार्ट

पडद्यावरची ही हिरवी रेघ नेटवर्कवरच्या उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या आमच्याच मॉनिटरिंग सॉफ्टवेअरनं वापरलेल्या मेमरीची. दिवसभर चढते, पहाटे ३ ला धपकन खाली येते, पुन्हा चढू लागते. ३ वाजता प्रोसेस आपोआप रीस्टार्ट व्हावी, अशी सोय कुणीतरी फार पूर्वी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत, करून ठेवली होती. त्या सोयीनं दुखणं झाकून ठेवलं. शिवाय रीस्टार्टच्या वेळात एखाद्या राउटरनं लिंक पडल्याचा ट्रॅप, म्हणजे आपणहून दिलेली सूचना, पाठवला, तर तो वाया जायचा. ट्रॅप पोच मागत नाही, पुन्हा येत नाही.

म्हणून आधी रीस्टार्टच बंद केला. मग उपकरणांची यादी निम्मी केली. एका अर्ध्यावर रेघ सपाट, दुसऱ्यावर चढती. अर्ध्याचं अर्धं करत शेवटी हाती लागले जुने स्विच. उपकरणांची विचारपूस ज्या भाषेत चालते, त्या एसएनएमपीची फक्त पहिली आवृत्ती बोलणारे.

पोर्टवरून गेलेले बाइट मोजणारा जुना काउंटर ३२ बिटांचा. १ गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल, तर ३४ सेकंदांत तो संपतो आणि शून्यावर येतो. दर ५ मिनिटांनी विचारणाऱ्याला त्यातून काय कळणार? म्हणून आमचं सॉफ्टवेअर आधी ६४ बिटांचा काउंटर मागतं. पहिल्या आवृत्तीत तो प्रकारच नाही. जुना स्विच सरळ सांगतो, ‘नो सच नेम’, या नावाचं काही नाही.

घोळ इथेच होता. एसएनएमपी बोलण्यासाठी आम्ही वापरतो ती नेट-एसएनएमपी लाइब्ररी आलेलं उत्तर मेमरीत ठेवून आपल्या हाती देते. ते मोकळं करणं आपलं काम. नकार हेही उत्तरच. आमच्या कोडमध्ये मात्र नकार आला की फंक्शन वरच्या वर परत फिरायचं आणि उत्तर तसंच पडून राहायचं. ४८ पोर्टांचा एक स्विच, दिवसाला २८८ फेऱ्या: १३,८२४ नकार, सगळे मेमरीत.

खात्रीसाठी व्हॅलग्राइंड हा मेमरीच्या चुका शोधणारा प्रोग्राम लावला. त्याच्याखाली आपला प्रोग्राम फार मंदावतो, म्हणून एकच जुना स्विच जोडला. तासाभरानं आमचा प्रोग्राम थांबवला. अहवालात ‘डेफिनिटली लॉस्ट’, म्हणजे मेमरी नक्की हरवली, असा शेरा, आणि त्याखाली आमच्याच फंक्शनचं नाव, ओळ क्रमांकासकट.

उत्तर मोकळं करणारी ओळ होकार आणि नकार या दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथे आणली. क्रॉनमधली नोंद काढली.

हा त्यानंतरचा ग्राफ. सुरुवातीला रेघ थोडी चढते, तेवढी चढणारच. मग स्थिरावते. पहाटेचे ३ वाजतात. रेघ आहे तिथेच आहे.