पंपावरचा सीन कुणी कुणी पाहिला?

(नाशिकमध्ये चित्रपट रसिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गेल्या महिन्यात आपण याच हॉलमध्ये एक छोटा मराठी चित्रपट पाहिला आणि जाताना प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकलं. आज मी चित्रपटावर कमी आणि त्या चिठ्ठ्यांवर जास्त बोलणार आहे. चित्रपटाचं नाव मुद्दाम घेत नाही. तो अजून थिएटरला लागायचाय, आणि इथलं एखादं तुटक वाक्य त्याच्याआधी बाहेर पोचावं असं मला वाटत नाही.

जे त्या दिवशी नव्हते त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. बीड जिल्ह्यातलं गाव. दहावीची परीक्षा नुकतीच संपलीय. ऊसतोडीला गेलेली टोळी गावात परतते, पण एका मुलाचा बाप परतत नाही. मुकादम सांगतो, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली नाही, म्हणून तिकडेच थांबलाय. मुलगा आणि त्याचा दोस्त घरामागे पडून असलेली जुनी लूना काढतात आणि कोल्हापूरच्या दिशेने निघतात. मांजरसुंब्याचा घाट, बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज. बाकी सगळा चित्रपट म्हणजे हा रस्ता.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर एकच तक्रार होती: ‘काहीच घडत नाही.’ कुणी ‘संथ आहे’ लिहिलं, कुणी ‘अर्धा तास कापता आला असता’ लिहिलं. या तक्रारीला हसून बाजूला सारणाऱ्यांपैकी मी नाही. संध्याकाळचा वेळ काढून, गंगापूर रोडचं ट्रॅफिक काढून माणूस इथे येतो, त्याला कंटाळा आला तर तो कंटाळा खरा असतो. पण त्याच डब्यात दुसरी एक चिठ्ठी होती, पंचवटीत गॅरेज असलेल्या एका मेकॅनिकची. ती वाचून दाखवतो: ‘पंपावर ऑइल टाकलं नाही तेव्हाच मी बायकोला म्हटलं, ही गाडी पुढे धरणार.’

एवढंच एक वाक्य. आता तो पंपावरचा सीन आठवून बघा. पोरं लूना ढकलत पंपावर येतात. पंपावरचा माणूस विचारतो, ‘ऑइल?’ नायक मुठीतली चिल्लर बघतो, दोस्ताकडे बघतो आणि म्हणतो, ‘नको, नुसतं पेट्रोल.’ यानंतर कॅमेरा पोरांच्या तोंडावर जात नाही, मीटरच्या आकड्यांवर थांबतो. आपल्यातल्या बहुतेकांना तो गरिबी दाखवणारा सीन वाटला. मेकॅनिकला त्यात पुढची सगळी गोष्ट दिसली. लूनाच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला ऑइल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलंच. ते नसलं की सिलिंडर तापतो, पिस्टन फुगतो आणि आतल्या आत धरतो. सांगोल्याच्या पुढे नेमकं तेच होतं. गाडी बंद पडते, पोरं गॅरेजवर रात्र काढतात, पैसे नाहीत म्हणून रॉकेलमध्ये पार्ट धुतात, आणि तिथेच बापाच्या टोळीचा ट्रॅक्टर चालवणारा ड्रायव्हर त्यांना भेटतो. चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध त्या ‘नको’ या दोन अक्षरांतून निघालाय. म्हणजे घडत होतं. दिग्दर्शकाने ते आवाज न चढवता घडवलं, आणि पाठीमागे संगीत नसल्यामुळे आपल्याला इशारा मिळाला नाही.

माझं म्हणणं असं आहे की या जातीच्या चित्रपटाबद्दल सगळ्यात मोलाचं मत असतं ते बोट ठेवून एक जागा दाखवणारं. ‘साडेतीन स्टार’ लिहिलेल्या चिठ्ठ्याही होत्या. त्यातून दिग्दर्शकाला काय कळणार आणि उद्या तिकीट काढणाऱ्याला तरी काय कळणार? ज्या चित्रपटाकडे जाहिरातीला पैसा नाही, जो शुक्रवारी लागतो आणि सोमवारी उतरलेला असतो, त्याच्यासाठी प्रेक्षकाचं तोंडी मत हीच सगळी प्रसिद्धी असते. त्या मताला निदान एक ठिकाण असावं.

निफाडकडे साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेत, शिकवलेल्या एका बाईंनी असंच ठिकाण दाखवलं. त्यांनी लिहिलं, ‘ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. आई घरी आणि बाप एकटाच टोळीत, हे पटलं नाही.’ आक्षेप अगदी रास्त आहे. मी चित्रपट पुन्हा बघितला. सुरुवातीला मुकादम पारावर बसून आकडेमोड करताना ‘अर्ध्या कोयत्याला एवढी उचल कोण देतं?’ असं पुटपुटतो. एकट्याने जाणाऱ्याला अर्धा कोयता म्हणतात, तेव्हा लेखकाला गोष्ट ठाऊक होती. पण ते वाक्य बैलाच्या घुंगरांत बुडालंय. चूक तपशिलाची नाही, ध्वनीची आहे, आणि ती बाईंमुळे कळली. दिग्दर्शकाला मी हे कळवलंय. मिक्सिंगमध्ये ते वाक्य वर आणता येईल.

ध्वनीचा विषय निघालाच आहे तर ‘पोरं फार गप्प आहेत’ या तक्रारीकडे येतो. चालत्या टू-स्ट्रोकवर दोन माणसांचं बोलणं जागेवर टिपणं फार अवघड. इंजिन आणि वारा मिळून माइकवर नुसती खरखर येते. मोठ्या बजेटचा निर्माता गाडी ट्रॉलीवर चढवतो किंवा नंतर स्टुडिओत सगळं डब करून घेतो. इथे दोन्हीला पैसे नव्हते, म्हणून बोलणं ठेवलं ते गाडी थांबते तिथेच: पाण्याच्या टाकीजवळ, रेल्वे फाटकावर, चहाच्या टपरीवर. ही तडजोड होती हे खरं. पण लूनावर मागे बसलेल्या माणसाला पुढच्याचं बोलणं कितीसं ऐकू येतं? पोरं ओरडून एखादा शब्द बोलतात आणि सोडून देतात. मनातलं बोलायला त्यांना थांबावं लागतं, आणि थांबल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघणं टळत नाही. बापाविषयी दोस्त पहिल्यांदा विचारतो तो फाटकाशी, मालगाडी जात असताना. उत्तर गाडीच्या आवाजात जातं. तो सीन मला फार आवडतो आणि तो पैशाच्या अडचणीतून आलाय, याचं मला कौतुक वाटतं.

आणखी एक चिठ्ठी: ‘मध्येच नायकाचा आवाज बदलतो. डबिंग खराब.’ या प्रेक्षकाचा कान तयार आहे. फरक खरा आहे, कारण मात्र डबिंग नाही. दिग्दर्शकाला विचारलं तेव्हा कळलं की पैसे संपल्यामुळे शूटिंग थांबलं होतं, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत पोराचा आवाज फुटला.

इथे सत्यजित राय यांची आठवण येणं साहजिक आहे. ‘पथेर पांचाली’ 1955 मध्ये पूर्ण झाला, पण काम सुरू झालं होतं 1952 मध्ये. पैशासाठी ते पुन्हा पुन्हा थांबत होतं. राय पुढे सांगत की तीन चमत्कारांनी चित्रपट वाचवला: छोट्या नायकाचा, अपूचा, आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी झाली नाही आणि इंदिर ठाकरूनचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं निधन झालं नाही. आपल्या चित्रपटाला पहिला चमत्कार लाभला नाही. पण गोष्टच वयात येणाऱ्या पोराची. म्हणून दिग्दर्शकाने नव्या आवाजातले सीन सगळे गॅरेजच्या रात्रीनंतर लावले. त्या रात्रीनंतर पोरगा जाड, अनोळखी आवाजात बोलतो. मला ते पहिल्यांदा बघताना कळलं नव्हतं, नुसता अंगावर काटा आला होता.

‘पोरांनी अभिनय केलाच नाही, तशीच आहेत ती,’ असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, काहींनी कौतुकाने, काहींनी तक्रारीने. नाशिककरांनी तरी या प्रश्नाला जरा थांबून उत्तर द्यावं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1919 मध्ये ‘कालिया मर्दन’ केला आणि त्यात आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. चित्रपटाच्या सुरुवातीला ती आधी मंदाकिनी म्हणूनच समोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. प्रेक्षकाला आधी मूल दाखवायचं आणि मग भूमिका, असा तो क्रम आहे. फाळक्यांना ठाऊक होतं की मुलाचं काम हे काम असतं, आणि ते काम म्हणून बघायला प्रेक्षकाला शिकवावं लागतं. या दोन पोरांनी लूना उन्हात ढकलली, पुन्हा ढकलली, कॅमेऱ्याची जागा बदलल्यावर परत ढकलली, आणि प्रत्येक वेळी ती पहिलीच वेळ वाटली. याला अभिनय नाही तर काय म्हणायचं?

आता ज्या चिठ्ठीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं, तिच्याकडे येतो. एका ताईंनी लिहिलं: ‘हे मुलगे आहेत म्हणून हा चित्रपट आहे. मुली असत्या तर दुसऱ्याच सीनला कुणीतरी अडवलं असतं आणि गोष्ट पोलीस स्टेशनात संपली असती.’ याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि चित्रपटाकडेही नाही. रस्त्यावर भटकून मोठं होण्याची मुभा आपल्याकडे कुणाला आहे? दोन मुलगे मंदिराच्या ओवरीत झोपले तर पुजारी प्रसाद देतो. आपल्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या मुली द्राक्षाच्या हंगामात जीपमध्ये दाटीवाटीने बसून दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. प्रवास त्यांचाही होतो, त्याच वयात होतो, पण तो कामाला जाण्याचा आणि कामावरून परतण्याचा. वाटेत थांबून स्वतःकडे बघायची सोय त्यात नाही. त्या जीपमधून एखादी गोष्ट निघू शकते, आणि ती कुणीतरी करायला हवी असं मला मनापासून वाटतं. या चित्रपटात नायकाची धाकटी बहीण फक्त दोनदा दिसते. दुसऱ्या वेळी ती लूनाची धूळ पुसलेलं फडकं धुताना दिसते. माझ्या मते दिग्दर्शकाला तिच्या वाट्याला काय आलंय ते कळत होतं. तरी कॅमेरा तिच्यापाशी थांबला नाही.

शेवटावर दोन तट पडले. मुलगा कारखान्याच्या रस्त्यापलीकडून बापाला बघतो. बाप वीटभट्टीवर विटा रचतोय. मुलगा हाक मारत नाही. गाडी वळवतो. ‘शेवट कळला नाही’ आणि ‘शेवट फसवणूक करणारा आहे’ ही मतं मोठ्यांची होती. ती मी ओळखतो, कारण बाप म्हणून माझंही पहिलं म्हणणं तेच होतं: एवढ्या लांब आलास आणि हाक मारली नाहीस? मोठ्यांच्या बऱ्याच चिठ्ठ्यांत हाच सूर आहे. आईबाप कुठे होते, हेल्मेट का नाही, शिव्या कशाला. आपण सगळे तो चित्रपट घरी वाट बघणाऱ्या माणसाच्या जागेवरून बघत होतो.

मागच्या रांगेत बसलेल्या एका शाळकरी मुलाची चिठ्ठी मात्र अशी आहे: ‘हाक मारली असती तर बापाला कळलं असतं की याने आपल्याला विटा उचलताना पाहिलं.’

मी ती चिठ्ठी वाचून कितीतरी वेळ बसून होतो. शेवट त्या मुलाला कळला होता. ‘न कळलेल्या’ शेवटाबद्दल आपण पानं भरून लिहिलं, आणि ज्याच्या वयाची गोष्ट आहे त्याने एका ओळीत ती सोडवली.

बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या चित्रपटांसाठी जनरेशन केप्लस हा विभाग आहे. तिथे मुलांचीच ज्युरी असते, 11 ते 14 वयोगटातली. 2014 मध्ये त्या मुलांनी क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला तो अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला. बाप गेलेला, आईची बदली झालेली, कोकणातल्या नव्या गावात एकटा पडलेला मुलगा. जर्मनीतल्या मुलांना ना मराठी येत होतं ना कोकण ठाऊक होतं. तरीही त्यांना तो मुलगा कळला. तो चित्रपट मुलांसाठी योग्य आहे की नाही, हे आधी मोठ्यांनी ठरवत बसायचं असतं तर?

आपल्याकडे ते ठरवलंच जातं. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षांवरचे असे तीन भाग झाले. हे पालकांना मार्गदर्शन आहे, बंदी नाही, आणि वर्गवारी आधीपेक्षा नेमकी झाली हे चांगलंच झालं. पण पंधरा वर्षांची पोरं बोलतात तशी बोलली म्हणून चित्रपटाला ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं, तर पंधरा वर्षांच्या मुलाला तो थिएटरात बघताच येत नाही. मग मतं उरतात ती फक्त आपली. या चित्रपटाच्या प्रमाणपत्राचं काम अजून चालू आहे. दिग्दर्शकाने तीन शिव्या स्वतःहून काढल्यात, चौथी ठेवण्यासाठी तो भांडणार आहे. गॅरेजच्या रात्री ती शिवी पोरगा स्वतःलाच देतो. ती राहावी असं मला वाटतं.

सगळ्या चिठ्ठ्या मी दिग्दर्शकाला पाठवतोय, कंटाळा आला म्हणणाऱ्याही. पुढच्या वेळी चिठ्ठीवर नाव नाही लिहिलंत तरी चालेल, पण वय लिहा. आणि एक जागा लिहा, कुठलीही. आवडलेली, खटकलेली, न कळलेली. घरात नववी-दहावीतलं कुणी असेल तर त्याला किंवा तिला सोबत आणा, आणि परतताना गाडीत त्यांच्याआधी आपलं मत सांगू नका.

आता चर्चा. नेहमी आपण पुढच्या रांगेपासून सुरू करतो. आज मागून करू. ती जी मुलं बसली आहेत, त्यांच्याकडे माइक द्या.