बटणावरची वेलांटी

विद्यार्थी मित्रांनो, गेम बनवण्याच्या व्यवसायात यायचे असेल तर कोणते इंजिन (म्हणजे ज्यावर गेम उभा राहतो ते तयार सॉफ्टवेअर) शिकावे, हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक महाविद्यालयात विचारला जातो. उत्तर देण्याआधी एका बटणाची हकीकत सांगतो.

आमच्या एका छोट्या मोबाइल गेमच्या पहिल्याच पडद्यावर ‘किल्ला’ असे बटण होते. शब्द बिनचूक टाइप केलेला होता. पण गेम सुरू केला की ‘क’ची वेलांटी सरकून पुढच्या ‘ल’वर जाऊन बसायची आणि ‘ल्ल’ हे जोडाक्षर न होता पहिला ‘ल’ मोडक्या पायाने उभा राहायचा. फॉन्ट बदलून पाहण्यात आमचे दोन दिवस गेले. दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, हा शब्द सहा संकेतांनी साठवला जातो: क, पहिली वेलांटी, ल, पाय मोडण्याची खूण, ल आणि काना. वेलांटी उच्चाराप्रमाणे ‘क’च्या नंतर साठवली जाते, मात्र काढायची असते ती ‘क’च्या आधी. ही मांडणी करण्याचे आणि जोडाक्षरे घडवण्याचे काम क्रोम, फायरफॉक्स किंवा अँड्रॉइडमध्ये हार्फबझ नावाची मुक्तस्रोत लायब्ररी (तयार कोडचा संच) करते. आमच्या इंजिनात ती पायरीच नव्हती. इंजिन संकेत ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने चित्रे रांगेत ठेवत होते. हे ज्या मुलीच्या लक्षात आले ती आमच्याकडे नवी होती आणि ते इंजिन तिने जेमतेम महिनाभर हाताळले होते, परंतु अक्षर पडद्यावर कसे उमटते हे तिला पक्के ठाऊक होते. (गोडो या मुक्तस्रोत इंजिनाने मार्च २०२३ मधील ४.० आवृत्तीपासून हार्फबझ सामावून घेतली, याचा मला मनापासून आनंद आहे.)

म्हणून माझे उत्तर असे की इंजिन कोणतेही घ्या, पण त्याच्या पोटात काय चालते ते शिका. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची म्हणजे एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात बोटाचा स्पर्श वाचणे, टक्कर तपासणे, चित्र काढणे हे सगळे उरकावे लागते. हा हिशेब कोणत्याही इंजिनात बदलत नाही. इंजिने मात्र बदलतात. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅश या आपल्या सॉफ्टवेअरला निरोप दिला आणि ब्राउझरवरच्या असंख्य खेळांचे घरच गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनाच्या कंपनीने गेम बनवणाऱ्यांना ठरावीक मर्यादेपुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले, जगभरातून विरोध झाला आणि वर्षभराने ते रद्द झाले. तोवर अनेकांनी दुसऱ्या इंजिनाची वाट धरली होती. परक्याच्या साधनावर आपली रोजीरोटी उभी असते, ही जाणीव त्या वर्षी आम्हा सगळ्यांना फार तीव्रतेने झाली.

नोकरीसाठी अर्ज येतात तेव्हा मी प्रमाणपत्रे शेवटी पाहतो. आधी पाहतो तो ब्राउझरमध्ये लगेच उघडणारा, पाच मिनिटांत संपणारा, पण पूर्ण केलेला एक खेळ, आणि तो करताना काय बिघडले, ते कसे सापडले याची स्वतःच्या शब्दांत लिहिलेली टिपणे. तसे काही तुमच्याजवळ असेल तर आज इथेच दाखवा. मी संध्याकाळपर्यंत थांबणार आहे.