सोंड नसलेला पतंग

नमस्कार श्रोतेहो. पतंग म्हटलं की दिव्याभोवती घिरट्या घालणारा जीव आठवतो. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो मात्र दिवसाउजेडी वावरतो, न्यूझीलंडच्या ओल्या, सावलीतल्या जंगलात. जगात दुसरीकडे कुठेच नाही. पंख मिटून बसला की जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा.

नाव आहे सॅबाटिंका कॅल्कोफेनिस. यातलं कॅल्कोफेनिस हे नाव १८८५ मध्ये एडवर्ड मेरिक यांनी दिलं. ग्रीक-लॅटिन शिकवणारे शाळामास्तर ते, त्यामुळे नावही नेमकं सुचलं: तांब्यासारखा चमकणारा.

पण मला भुरळ पडते ती त्याच्या तोंडाची. फुलपाखरं नि पतंग गुंडाळलेली सोंड उलगडून मध पितात, हे आपण लहानपणापासून शिकलो. याला सोंडच नाही. याला जबडे आहेत, चावणारे. नेच्याच्या पानावर बसून हा त्याचे बीजाणू खातो, कधी फुलांचे पराग. त्या बारीक कणांचं कवच फोडायला तोंडातच दळायची सोय आहे. जातंच म्हणा ना! हे कूळ फार जुनं. म्यानमारच्या दगड बनलेल्या राळेत अडकलेले याचे भाऊबंद सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे डायनासोर असताना पतंग कसे जेवत असतील, ते हा आजही आपल्यासमोर करून दाखवतो. मला तर हे वाचताना अंगावर काटा आला होता.

अळीचं जेवण त्याहून साधं. शाळेत रिक्सिया, मार्केन्शिया वाचल्याचं आठवतं? आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीच्या कडेला, जुन्या भिंतींना चिकटून वाढणाऱ्या त्या हिरव्या वनस्पती, म्हणजे लिव्हरवर्ट. न्यूझीलंडमधल्या त्यांच्या इवल्या पानांच्या जातींवर ही अळी वाढते.

म्हणूनच काळजी वाटते. वटवाघळं सोडली तर त्या देशात जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. माणसानं डुकरं नेली, बकऱ्या नेल्या, हरणं नेली. ती झाडांखालची झुडपं, नेचे खातात, जमीन उकरतात. झुडपं गेली की ऊन आत शिरतं, वारा शिरतो. झाडं वरून हिरवीगार दिसत राहतात, आणि खाली ओढ्याकाठच्या दगडावरचं ते लिव्हरवर्ट वाळून पापुद्र्यासारखं सुटून येतं, अळीसकट.